गुणपत्रिकेतला रिकामा रकाना

मे महिन्यात आपल्याकडे दोन गोष्टी लागोपाठ येतात आणि एकमेकींकडे न बघता निघून जातात. एक बारावीचा निकाल, दुसरा १२ मेचा जागतिक परिचारिका दिन. २०२५ साली निकाल ५ मे रोजी लागला, राज्याचा टक्का ९१.८८ होता. निकालाच्या बातमीत पेढा भरवणारी आई असते. परिचारिका दिनाच्या बातमीत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या धरून उभ्या असलेल्या सिस्टरांची रांग असते. या दोन बातम्यांना जोडणारे वाक्य वर्तमानपत्रात छापले जात नाही, ते घरात बोलले जाते : "नीटमध्ये काही जमलं नाही, बीएएमएसलाही नंबर लागायचा नाही. नर्सिंग तरी बघू."

त्या 'तरी'विषयी आज लिहायचे आहे.

वैद्यकीय प्रवेशांची आपल्या बोलण्यात एक उतरंड ठरून गेली आहे. वर एमबीबीएस, मग बीडीएस, मग आयुर्वेद, होमिओपॅथी आणि अगदी तळाला नर्सिंग. टक्के उतरत जातात तसे मूल एकेक मडके खाली सरकते. खरी उतरंड ज्यांनी आजीच्या घरात पाहिली आहे त्यांना मात्र ठाऊक असते, की तळाचे मडके सगळ्यांत मोठे असते आणि वरच्या सगळ्यांचा भार त्याच्यावर असतो. ते हलले की वरची गाडगी जागेवर राहत नाहीत. प्रवेशाच्या गप्पांत हे कुणाला आठवत नाही.

नियमांपुरते बोलायचे तर बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन झालेली बारावी लागते, आणि किमान ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. जीएनएमची तीन वर्षांची पदविका कला-वाणिज्यवाल्यांनाही खुली आहे, तिथे ४० टक्के पुरतात. एएनएम दोन वर्षांचे. पण पात्रता हा झाला उंबरठा, आत बसायला पाट मिळणे निराळे. सीईटी द्यायची, मग केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या, मग गुणवत्ता यादीवर डोळे. सरकारी महाविद्यालयांतल्या मोजक्या जागा पात्रतेच्या रेषेच्या बऱ्याच वर संपून जातात. म्हणजे जिला सगळे 'टक्के कमी पडले' म्हणून इथे पाठवतात, ती पोर इथेही टक्क्यांच्याच रांगेत उभी असते.

परिचारिका दिनाच्या व्यासपीठावर याच्या नेमके उलट ऐकू येते. पाहुणे म्हणतात, या क्षेत्रात गुणांना महत्त्व नाही, सेवाभाव हवा. टाळ्या पडतात. हे बोलणे गोड आहे आणि त्याच्यातही तो 'तरी' दबा धरून बसला आहे. हुशारी डॉक्टरची, माया सिस्टरची, अशी ही वाटणी आहे. ती खोटी आहे, आणि रुग्णाच्या जिवावर बेतणारी आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. तापाने फणफणलेले दहा किलो वजनाचे मूल वॉर्डात आहे. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहिले आहे, किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे १५० मिलिग्रॅम. ट्रेमध्ये एक बाटली आहे, तिच्यावर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे लिहिले आहे. तिच्यातले ६ मिलिलिटर द्यायचे. ती संपली, दुसरी उघडली. तिच्यावर ५ मिलिलिटरमध्ये २५० आहे. आता ३ मिलिलिटरच. बाटल्यांचे रंग सारखे, वास सारखा, वेळ पहाटे तीनची. सवयीने पुन्हा सहा ओतले तर औषध दुप्पट गेले. किंवा सलाइन घ्या. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे आहे, नळीतून मिलिलिटरला २० थेंब पडतात. दहा हजार थेंब, दोनशे चाळीस मिनिटे, मिनिटाला साधारण बेचाळीस. घड्याळाकडे बघत हा हिशेब तोंडी करावा लागतो, आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा रुग्ण उलटी करतो. यातले गणित सातवीतल्या त्रैराशिकाचे आहे, परीक्षा मात्र सातवीची नाही. ज्या मुलीला त्रैराशिक येत नाही तिच्या सेवाभावाचा त्या बाळाला काही उपयोग नाही. म्हणून गुण हवेत. इंग्रजीही हवे, केसपेपरवरचे ओडी, बीडी, टीडीएस (औषध दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा) वाचताना चूक झाली तर माफी मागायला रुग्ण शिल्लक राहीलच असे नाही.

तेव्हा भांडण गुणांशी नाही. गुण कशाला देतो, कधी देतो आणि कोण देतो, याच्याशी आहे.

ज्या बाईचा जन्मदिवस म्हणून १२ मे साजरा होतो, ती आकड्यांची माणूस होती, ही गोष्ट आपण तिच्या हातात दिवा देऊन विसरून गेलो. नाइटिंगेल १८२० साली जन्मली. क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात तिने दिवा घेऊन फेऱ्या मारल्या हे खरेच, पण परत आल्यावर तिने जे केले ते मृत्यूंची मोजदाद होती. गोळ्यांनी मेले त्यांच्यापेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले सैनिक कितीतरी अधिक होते, हे तिने रंगीत आकृत्या काढून सरकारला दाखवले. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतले; त्या संस्थेतली ती पहिली स्त्री. अशी बाई परिचारिकांची शाळा काढताना गुणच नकोत म्हणेल, हे शक्य नव्हते.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ती शाळा सुरू झाली. तिथे दर महिन्याला प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा एक तक्ता मेट्रनकडून भरून घेतला जाई. तो आजही वाचावा असा आहे. पहिल्या भागात वागणुकीचे रकाने : वेळ पाळणे, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा आणि स्वच्छता, वॉर्डाची व्यवस्था. दुसऱ्या भागात हातची कामे : जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा, ज्याला स्वतःला हलता येत नाही अशा रुग्णाची कूस बदलणे, त्याला ऊब देणे किंवा गार ठेवणे, शय्याव्रण होऊ न देणे, अंथरूण घालणे, आजाऱ्याचा स्वयंपाक, वॉर्डातली हवा ताजी ठेवणे आणि रुग्णाचे निरीक्षण. प्रत्येकापुढे शेरा : उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे आणि सर्वांत शेवटी शून्य. शून्यही देत असत.

हा तक्ता निर्दोष नव्हता. मेट्रनची मर्जी, शिस्तीचा अतिरेक, खालच्या वर्गातल्या मुलींवर वरच्या वर्गाची नजर, सगळे त्यात होते. 'शांतपणा' या रकान्याचा अर्थ पुढे 'वर मान करून बोलू नये' असा लावला गेला, आणि तो आपल्याकडच्या वॉर्डांत अजून पुरता पुसला गेलेला नाही. पण तक्त्यामागचा विचार पक्का होता. मुलीला दारात एकदा मोजून आत सोडायचे आणि मग अंतिम परीक्षेपर्यंत विसरायचे, असे नाही. तिला दर महिन्याला मोजायचे, ते खाटेच्या कडेला, आणि मोजणारी व्यक्ती तीच, जिने तिला काम करताना पाहिले आहे.

आमच्या घरातल्या एका आजारपणात या तक्त्यातला शेवटचा रकाना प्रत्यक्ष पाहायला मिळाला. वडिलांची शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस होता. डॉक्टर राउंड घेऊन गेले होते, फाइलवर सगळे ठीक होते. म्हातारा माणूस अस्वस्थ होता, पाय झाडत होता. सगळ्यांना वाटले भुलीचा अंमल उतरतो आहे. चादर बदलायला आलेली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी दोन मिनिटे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबांनी सकाळपासून लघवी केलीय का हो?" केली नव्हती. पोट तुंबलेले होते. तिने धावत जाऊन सिस्टरला बोलावले, नळी घातली गेली आणि वडील झोपी गेले. तिला बारावीला किती टक्के होते, ते विचारायचे कुणाला सुचले नाही. तिच्या त्या दोन मिनिटांच्या बघण्याला त्या दिवशी कुणी गुणही दिले नाहीत, कारण ते लिहून ठेवायला तिच्या वहीत रकाना नव्हता.

आपल्याकडे हा रकाना अगदीच कुणाच्या ध्यानात आला नाही असे नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत पाच भाग आहेत, प्रत्येकी २० गुणांचे : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल. या शेवटच्या वीस गुणांचे कौतुक करावे की हसावे, कळत नाही. कल ओळखायला हवा हा हेतू चांगला. पण कल ओळखायचा तो चार पर्यायांतून! समजा विचारले, रुग्णाचा नातेवाईक तुमच्या अंगावर ओरडला तर काय कराल? 'मीही ओरडेन' या पर्यायावर खूण करणारी मुलगी अजून जन्माला यायची आहे. आणि क्लासमध्ये दोन महिने सराव केला की 'कल'ही पाठ होतो. वॉर्डात खरोखर कुणी ओरडेल तेव्हा तीच मुलगी रडत बाहेर जाईल, की शांत उभी राहील, की आधी सलाइनची बाटली बदलून मग नातेवाइकाशी बोलेल, हे तिलाही आज माहीत नसते. ते सहाव्या महिन्यात कळते, दुसऱ्या वर्षी बदलते. कल हा दारात तपासण्याचा जिन्नस नव्हे, तो आत आल्यावर घडतो किंवा मोडतो.

आणि आत आल्यावर काय होते? कागद वाईट नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम सांगतो, की थिअरीला ८० टक्के हजेरी असावी आणि पदवी हाती पडण्याआधी प्रत्यक्ष कामाची हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी. वर्गात वीस टक्के सूट, वॉर्डात सूट नाही. हा नियम ज्याने लिहिला त्याला हा पेशा कळला होता. नव्या अभ्यासक्रमात सेमिस्टर आले, क्रेडिट आले, कौशल्यांच्या नोंदवह्या आल्या. दुखणे त्या नोंदवह्या भरण्यात आहे. एका महाविद्यालयातल्या, नाव सांगत नाही, मुलीने हसत हसत सांगितले होते, की लॉगबुकवरच्या सहा महिन्यांच्या सह्या एका दुपारी झाल्या. किती प्रसूती पाहिल्या, किती जखमा बांधल्या, किती रुग्णांना आंघोळ घातली, हे आकडे वहीत जुळतात. त्यातली एकही गोष्ट बरी झाली की वाईट, हे वहीला ठाऊक नसते.

यात शिक्षिकांनाच दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. विद्यार्थिनीकडे बघायला वॉर्डातल्या सिस्टरला डोळा वर करायला उसंत हवी. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा परिषदेचाच निकष आहे. साध्या वॉर्डात रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा, हे दृश्य सरकारी रुग्णालयात ज्याने एक रात्र काढली आहे त्याला नवे नाही. अशा रात्री विद्यार्थिनी ही शिकणारी मुलगी उरत नाही, तो फुकट मिळालेला जादा हात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधल्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाख कमी पडत होत्या. जगालाच कमी पडतात, तेव्हा आपल्या तालुक्याला कुठून पुरणार?

त्या जुन्या तक्त्यातला शय्याव्रणाचा रकाना वाचताना मुंबईतल्या माणसाला केईएम आठवल्याशिवाय राहत नाही. अरुणा शानबाग तिथेच परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात तिच्यावर अत्याचार झाला आणि ती कधी उठली नाही. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, टाचा, कंबर, खांदे तपासायचे, घास भरवायचा. एक पिढी निवृत्त झाली की पुढच्या पिढीच्या हाती सोपवायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मनापासून वाखाणणी केली. इतकी वर्षे खाटेवर असलेल्या देहाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस तीन महिने सांभाळले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. या कामाला नाइटिंगेलच्या तक्त्यात 'उत्कृष्ट' मिळाले असते. आपल्या गुणपत्रिकेत त्याची जागा कुठली?

'तरी' हा शब्द नवा नाही, फक्त त्याचा पोशाख बदलला आहे. नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकांत १८९१ साली मुंबईत शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव येते. एवढे एक नाव, बाकी त्यांच्याविषयी फारसे काही नाही. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले. त्या काळी 'चांगल्या घरातल्या' बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाचेही मलमूत्र काढायचे, ही कल्पनाच पुण्याला सोसणारी नव्हती. ज्यांना घराने टाकले त्या विधवांनी हे काम करावे इतपत सवलत होती. बाकीचा भार मिशनच्या रुग्णालयांतल्या ख्रिस्ती मुलींनी उचलला आणि मग कित्येक दशके केरळातून आलेल्या, आपल्यापेक्षा बरे मराठी बोलायला शिकलेल्या सिस्टरांनी. तेव्हा नकार घराण्याच्या नावाने येत असे. आज तोच नकार टक्केवारीच्या नावाने येतो. घराण्याचे कारण सांगायची आता लाज वाटते, टक्क्यांचे कारण सांगायला वाटत नाही, एवढाच फरक.

परदेशाचे नाव निघाले की मात्र हा 'तरी' झटकन गळून पडतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. तेव्हापासून, कालपर्यंत नाक मुरडणारे काका जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी करू लागले आहेत. मुलगी तीच, काम तेच, बेडपॅनही तेच. युरोत पगार मिळाला की काम प्रतिष्ठेचे होते. हसू येते आणि थोडा रागही.

आता मागण्याचे. प्रवेशाची परीक्षा राहू द्या, टक्के राहू द्या, त्रैराशिक तर आणखी कडक तपासा. पण कलाचे वीस गुण चार पर्यायांतून काढून वॉर्डात न्या. पहिल्या वर्षापासून दर महिन्याला, ज्या सिस्टरच्या हाताखाली मुलगी होती तिने भरलेला एक कागद असावा, त्याचे वजन निकालात पडावे, आणि तो कागद मुलीला वाचायला मिळावा. मेट्रनच्या मर्जीवर सोडले की काय होते ते दीडशे वर्षांत पुरेसे दिसले आहे. तो भरायला सिस्टरला वेळ हवा आणि वेळासाठी रिकामी पदे भरायला हवीत. हे आरोग्य खात्याला आणि वैद्यकीय शिक्षण खात्याला दोघांनाही सांगायचे आहे, कारण एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पालकांना सांगायचे ते त्याहून साधे आहे. मुलीला नर्सिंगला घालायचे ठरले असेल तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घाला. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास, इतर मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे, पण ते या वाटेने आलेल्यांना. 'फेऱ्या कशाला, थेट सीट देतो' म्हणणाऱ्या दलालामागे गेलात की ही सवलत हातची जाते. महाविद्यालयाला परिषदेची आणि विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता आहे का, ते आपल्या डोळ्यांनी पाहा. आणि इमारत, संगणक कक्ष, गणवेशाचा रंग पाहून परतू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला गाठा आणि दोनच गोष्टी विचारा : तुम्ही शिकायला कुठल्या रुग्णालयात जाता, आणि तिथे पहिल्यांदा इंजेक्शन दिलेत तेव्हा तुमच्या शेजारी कोण उभे होते?